हिवाळ्यातली बाग: आंब्याला पालवीच पालवी, मोहोराचं नाव नाही

वळचण
१९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

पुण्यात वारज्याला आमचं लहानसं घर आहे, भोवती जेमतेम गुंठाभर मोकळी जागा. त्यात एक केशर आंबा (कलम, लावून सात वर्षं झाली), ड्रममध्ये कागदी लिंबू, भिंतीलगत अंजीर, आणि कुंपणावर पावटा. थंडी पडली की माझा उत्साह वाढतो आणि झाडांचा कमी होतो, असा दर वर्षीचा अनुभव आहे.

मुख्य रडगाणं आंब्याचं. सलग तिसरं वर्ष, नोव्हेंबर उजाडला की झाड तांबूस कोवळ्या पालवीने भरून जातं. येणारा-जाणारा थांबून म्हणतो, "काय सुंदर दिसतंय हो!" मला मात्र रडू येतं, कारण शेजारच्या गल्लीतल्या, कोणी ढुंकूनही न बघणाऱ्या झाडाला जानेवारीत गच्च मोहोर असतो. मी काय कमी करते? शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, दर रविवारी ताकाचं पाणी. सोसायटीच्या माळ्याने दोनदा चिमूटभर युरियाही टाकला.

लिंबाची पानं वळली आहेत, त्यांच्यावर चंदेरी नागमोडी रेघा आहेत. अंजिराच्या पानांमागे हळदकुंकवासारखी पूड दिसते. पावटा बरा आहे (अजून).

जाणकारांनी सांगा. हसलात तरी चालेल.

उंटावरचा
१९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

कल्टार (वाढ रोखून मोहोर आणायचं औषध) घाला. विषय संपला.

परसदार
२० नोव्हेंबर, सकाळी ६:५०

वळचण, तुझं झाड उपाशी नाही गं, त्याला अपचन झालंय. सून बाळंतीण असल्यासारखं खाऊ घालते आहेस. खत बंद कर आधी.

अंजिरावर तांबेरा आहे. थंडीत दव पडायला लागलं की येतोच. खालची डागाळलेली पानं काढ, पडलेलीही वेचून घे. खतात टाकू नकोस, लांब नेऊन जाळ. झाडाच्या डोक्यावरून पाणी मारायची सवय असेल तर सोड. पानं रात्रभर ओली राहिली की हा रोग फोफावतो.

कातळफूल
२० नोव्हेंबर, सकाळी ९:१५

आम्ही देवगडकडचे. हापूसची कलमं आजोबांच्या वेळची आहेत, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

आंब्याचं गणित असं. पावसानंतर येणारी पालवी जून व्हावी लागते. काडी पक्की झाली, पानं गडद हिरवी नि कडक झाली, की ती मोहोरायला तयार. मग जमीन सुकायला लागते, ऑक्टोबरचं ऊन तापतं, झाडाची वाढ थांबते. त्यावर रात्रीचा पारा पंधरा-अठराच्या आसपास उतरला की डोळे फुगतात. यातलं काही एक चुकलं, म्हणजे पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला किंवा कोणी प्रेमाने पाणी घातलं, की झाड म्हणतं, 'अरे, अजून वाढायचे दिवस आहेत', आणि पालवी काढतं. नोव्हेंबरात पालवी आलेल्या फांदीवर मोहोर आला तर उशिरा, नाही तर नाहीच. वर त्या कोवळ्या पानांवर तुडतुडे पोसले जातात ते वेगळंच.

म्हणून खरा प्रश्न हा की पाणी किती देताय?

@उंटावरचा: कल्टार फांद्यांच्या विस्ताराच्या दर मीटरला ३ मिली या मापाने बुंध्याभोवतीच्या मातीत देतात, तेसुद्धा जुलै-ऑगस्टमध्ये आणि पूर्ण वाढलेल्या, दांडग्या कलमांना. नोव्हेंबरात सात वर्षांच्या परसातल्या झाडाला घालून काय साधणार? विषय तिथे संपत नाही, तिथे सुरू होतो.

उंटावरचा
२० नोव्हेंबर, सकाळी ९:४०

उंटावरून उतरलो. :)

वळचण
२० नोव्हेंबर, दुपारी १:२०

कातळफूल, पाणी आठवड्यातून दोनदा देत होते. पाइप लावून विसरायचे, खरं सांगायचं तर. आजपासून बंद. आळंही बुजवून टाकते.

द्राक्षवेल
२० नोव्हेंबर, रात्री ८:३०

सरसकट सगळ्यांचं पाणी तोडू नका, एवढंच सांगतो. आमचं निफाड. पारा उतरला की बातम्यांमध्ये आमच्याच गावाचं नाव असतं. बागेत पहाटे शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो. ताण, म्हणजे पाणी तोडणं, द्यायचा तो फळावर येणाऱ्या मोठ्या झाडाला. वर्ष-दोन वर्षांचं रोप असेल तर कोरडी माती थंडीत त्याला मारते. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. त्यामुळे कडाक्याची रात्र येणार असं दिसलं की लहान रोपांना आदल्या संध्याकाळी हलकं पाणी, बुंध्याशी पालापाचोळा, वरून जुनी साडी किंवा गोणपाट. सकाळी ऊन आलं की काढायचं. आमच्याकडे पहाटे विहिरीचं पाणी देतात, कारण ते वरच्या हवेपेक्षा कोमट असतं. टाकीतलं बर्फासारखं पाणी पहाटे घालण्यात मात्र अर्थ नाही.

चिमणचारा
२१ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

मस्त धागा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

माझाही एक प्रश्न. अंगणातलं सीताफळ पिवळं पडून पानं गाळतंय. मेलं का?

परसदार
२१ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

झोपलंय. एखाद्या काडीची साल नखाने किंचित खरवडून बघ, आत हिरवं असेल तर सुखरूप आहे. हिवाळ्यात सीताफळ पानं गाळतंच. आता त्याला पाणी पाजत बसू नकोस. वाळक्या आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढ, काळी वाळकी फळं झाडावर लटकली असतील तर तीही. उन्हाळ्यात नवी फूट आली की तिच्याबरोबर कळ्या येतील.

चिमणचारा
२१ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

हिरवं आहे!! मी सकाळी करवत शोधत होतो.

वऱ्हाडी ठेचा
२३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

लिंबाचं मी सांगतो, आमचा वरूड-मोर्शीचा पट्टा संत्र्याचा. चंदेरी रेघा म्हणजे पानं पोखरणारी अळी, कोवळ्या पानाच्या सालीखाली बोगदा करत चालते. जून पानाला ती काही करत नाही. तुम्ही खत घालून कोवळी फूट काढता आणि ती अळी पंगतीला बसते. वळलेली पानं खुडा. निंबोळी अर्क पाच टक्के फवारा: ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, चमचाभर साबण घालून, संध्याकाळच्या वेळी.

आता बहाराचं. लिंबूवर्गाला तीन बहार, म्हणजे फुलायचे हंगाम: जून-जुलैचा मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त, आणि जानेवारी-फेब्रुवारीचा आंबिया. आंबियासाठी डिसेंबरपासून झाड ताणावर सोडतात. जमीन भारी असेल तर ताण लांबतो, हलकी असेल तर लवकर बसतो. मग जानेवारीत खत देऊन पहिलं हलकं पाणी, त्याला म्हणतात आंबवणी. थोड्या दिवसांनी त्याहून जरा जास्त, ते चिंबवणी. मग नेहमीच्या पाळ्या. एकदम भडाभडा पाणी दिलं की फूल गळतं नाहीतर फांद्याच सुटतात.

तुमचं झाड ड्रममधलं आहे, त्याला महिनाभर ताण देऊ नका, मरून जाईल. दुपारी पानांनी किंचित माना टाकल्या की तेवढं पुरे. एक दिवस उशीर केलात तर काड्या उरतील, मग मला शिव्या देऊ नका.

वळचण
२४ नोव्हेंबर, सकाळी ११:००

आंबवणी, चिंबवणी! आजी हे शब्द वापरायची, मला वाटायचं स्वयंपाकातलं काही असेल.

जर्सीकर
२५ नोव्हेंबर, रात्री २:१५

आमच्याकडे न्यू जर्सीत आज सकाळी गवतावर पांढरं हिव होतं. सात कुंड्या कधीच घरात घेतल्या. कढीपत्ता दक्षिणेच्या खिडकीत आहे, आणि सालाबादप्रमाणे त्याने पानं टाकायला सुरुवात केली आहे. पहिल्या वर्षी घाबरून रोज पाणी दिलं नि मुळं कुजवून मारला. आता मातीत दोन पेरं बोट घालून कोरडं लागलं तरच थोडं देतो. मार्चपर्यंत फोडणी त्याच्याविना.

अंजिरावरून आठवलं. कोपऱ्यावरच्या घरातले इटालियन आजोबा थँक्सगिव्हिंगच्या आसपास त्यांचं अंजिराचं झाड बांधून ठेवतात. फांद्या दोरीने एकत्र आवळतात, गोणपाट नि जुनी चादर गुंडाळतात, आत वाळकी पानं भरतात, आणि सगळ्यात वर शेंड्यावर बादली उपडी घालतात, पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून. रस्त्यावरून बघितलं तर डोक्यावर बादली घेतलेला माणूस उभा आहे असं वाटतं. वसंतात सोडतात. मी विचारलं तर म्हणाले, त्यांचे वडीलही असंच करायचे. वळचण, तुमचं अंजीर सुखात आहे हो.

परसदार
२५ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

ही बादली मला फार आवडली.

वळचण
६ डिसेंबर, सायंकाळी ६:४५

धागा वर काढते आहे. सतरा दिवस झाले, आंब्याला थेंबभर पाणी दिलेलं नाही. आज बुंध्यापासून तीन-चार हातांवर खुरप्याने खणून बघितलं. दक्षिणेच्या बाजूला माती भुसभुशीत, कोरडी. उत्तरेच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या बाजूला, वीतभर खाली गेलं की चिखल. मुठीत धरला तर लाडू वळतोय. पाऊस तर नाही. हे कुठून?

द्राक्षवेल
६ डिसेंबर, सायंकाळी ७:२०

नळाची गळती, ड्रेनेज, वॉशिंग मशीन, शेजाऱ्यांची हिरवळ. एकेक तपासा.

परसदार
६ डिसेंबर, सायंकाळी ७:३०

तांदूळ धुतलेलं पाणी कोणी घालतं का? आमच्या सासूबाई घालायच्या.

वळचण
६ डिसेंबर, रात्री ९:५५

सापडला!

आई तांदळाचं पाणी घालतात, पण ते भांडंभर. त्याने चिखल होत नाही. टॉर्च घेऊन भिंतीच्या कडेने गेले. पालापाचोळ्याखाली एक पांढरी, करंगळीपेक्षा बारीक नळी. स्वयंपाकघरातल्या पाणी शुद्ध करायच्या यंत्राची. त्याचं टाकाऊ पाणी सिंकमध्ये न सोडता नवऱ्याने भिंतीला भोक पाडून थेट आंब्याच्या मुळाशी सोडलेलं! कधी? यंत्र घेतलं तेव्हा. म्हणजे तीन वर्षांपूर्वी!!

त्याला विचारलं तर म्हणाला, "अगं, पाणी वाया जायला नको म्हणून. सांगितलं होतं तुला." (नव्हतं सांगितलं.)

हिशेब केला. घरात पाच माणसं, पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज पंधरा लिटर. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन लिटर टाकाऊ धरलं तरी दिवसाला तीस लिटर. ठिबक, रोज, पावसाळ्यातसुद्धा.

कातळफूल
६ डिसेंबर, रात्री १०:२०

हाहाहा. तीन वर्षं तुमच्या आंब्याचा पावसाळा संपलाच नाही.

आणि नुसतं पाणीच नाही हो. त्या यंत्रातून बाहेर पडतं ते मूळ पाण्यापेक्षा खारट असतं, क्षार त्यातच उरतात. आंब्याला खारं मानवत नाही. उद्या उजेडात उत्तरेकडची जुनी पानं बघा, टोकं नि कडा करपलेल्या असतील.

वळचण
७ डिसेंबर, सकाळी ८:०५

आहेत. पानाचं टोक तपकिरी, मग कडेने आत सरकत गेलेलं, भाकरीची कड करपते तसं. मी त्याला 'थंडी लागली' समजत होते.

नळी काढली. आता बादलीत जातं. फरशी पुसायला आणि पोर्च धुवायला.

उंटावरचा
७ डिसेंबर, सकाळी ८:३०

अवांतर: नवरा अजून घरात आहे की त्यालाही ताणावर सोडलाय?

वळचण
७ डिसेंबर, सकाळी ८:४५

आंबवणी जानेवारीत.

चिमणचारा
७ डिसेंबर, सकाळी ८:४६

:)) :))

चिमणचारा
७ डिसेंबर, सकाळी ८:४६

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला.

वळचण
१९ डिसेंबर, दुपारी १२:३०

आता पावट्याची पाळी. चार दिवस ढगाळ होतं आणि शेंड्यांवर काळा मावा चिकटलाय, तीळ लावल्यासारखा. मुंग्यांची रांग वरखाली. शिवाय त्यांच्यात विचित्र किडे फिरताहेत: लांबुळके, करडे-काळे, पाठीवर नारिंगी ठिपके, पुढच्या भागाला सहा पाय. चिरडले आठ-दहा.

परसदार
१९ डिसेंबर, दुपारी १२:५०

अगं थांब!! ती ढालकिड्याची पिल्लं आहेत. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो गोल किडा असतो ना, लहानपणी हातावर चालवायचो, त्याची. दिवसभर मावाच खातात. त्यांना ठेव.

ज्या शेंड्यावर मावा दाट आहे तो चिमटीत धरून खुड. बाकीवर पाण्याचा जोराचा फवारा मार, निम्मा मावा खाली पडतो नि परत चढत नाही. सकाळीच मार, म्हणजे पानं वाळतात. उरला तर साबणाचं पातळ पाणी, तेही पिल्लं नसतील त्या वेलावर. मुंग्यांचा रस्ता तोड, त्या माव्याच्या गोडव्यासाठी त्याला राखतात.

आणि जागा असेल तर मेथी टाक अजून. थंडीतली मेथी महिन्याभरात काढायला येते. कोथिंबिरीचे धणे वाटीखाली रगडून, दोन फाकी करून पेर, अख्खे टाकलेस तर वाट बघत बसशील.

वऱ्हाडी ठेचा
२० डिसेंबर, रात्री ९:१०

हिवाळ्यातलं एक राहिलं. लिंबू, संत्री, मोसंबीच्या बुंध्याला डिंक सुटत असेल तर आता कोरड्या दिवसांत बोर्डो पेस्ट लावा. किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. घरासाठी दहावा हिस्सा करा: शंभर-शंभर ग्रॅम, एक लिटर. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, मग एकत्र. भांडं प्लास्टिकचं, लोखंडी अजिबात नको. झाल्यावर लोखंडी सुरीचं पातं मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. त्याच दिवशी वापरा. आधी डिंक खरवडून काढायचा, बुंधा पुसायचा, मग ब्रशने गुडघ्याच्या वरपर्यंत. माझ्या लहानपणी आमच्या बागेत हे काम पोरांकडे असायचं, संध्याकाळी हात निळे.

वळचण
१५ जानेवारी, सकाळी ७:४०

तिळगूळ घ्या सगळे.

काल संक्रांतीच्या गडबडीत वर बघितलं नव्हतं. आज चहा घेऊन अंगणात उभी होते आणि वास आला. आधी वास, मग दिसलं. दक्षिणेकडच्या फांद्यांवर शेंड्याशेंड्याला मोहोर! हिरवट-पिवळे तुरे, दांडे गुलाबी. मोजले, एकतीस. उत्तरेकडे, नळीच्या बाजूला, एकही नाही. तिकडची पालवी आता कुठे हिरवी होते आहे. झाडाच्या मधोमध रेघ मारल्यासारखं.

कातळफूल, तुमचे पाय कुठे आहेत?

कातळफूल
१५ जानेवारी, सकाळी ९:३०

अभिनंदन! पण श्रेय मला नको, नळी काढण्यालाही पूर्ण देऊ नका. सव्वा महिन्यात एवढी जादू होत नाही. दक्षिणेकडच्या काड्या आधीच जून होत्या, यंदा खत थांबलं, डिसेंबरात थंडी चांगली पडली. उत्तरेकडचं फळ पुढच्या वर्षी मागा.

आता नीट ऐका. मोहोरावर पिठासारखं पांढरं दिसलं तर ती भुरी. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण फुलं उमलायच्या आधी आणि उन्हाची वेळ टाळून. फूल उमललं की काही फवारू नका, निंबोळीसुद्धा नको. माश्या, मधमाश्या येऊ देत, त्याच फळ धरतात. घरात माश्या झाल्या म्हणून कुरकुर करू नका. पाणी अजून नाही. मोहोर बघून पाणी घालायचा मोह होतो, तिथेच माणूस फसतो.

द्राक्षवेल
१५ जानेवारी, सकाळी १०:००

वासाने कळलं हे वाचून बरं वाटलं.

जर्सीकर
१६ जानेवारी, रात्री १:५०

कढीपत्त्याला सहा पानं उरली आहेत. बाहेर फूटभर बर्फ. आजोबांच्या बादलीवर बर्फाची टोपी.

वळचण
२२ फेब्रुवारी, सायंकाळी ५:३०

वाटाण्याएवढ्या कैऱ्या! पण रोज सकाळी खाली सडा असतो. झाडावर हाताला लागतील तेवढ्या मोजल्या, त्रेचाळीस. आई म्हणतात मोजू नये. हे पडणं थांबवायला काही करता येईल का?

कातळफूल
२२ फेब्रुवारी, रात्री ८:१५

आईंचं ऐका. मोहोरातली बहुतेक फुलं फळ न धरणारीच असतात, धरलेल्यांतलीही बरीच झाड स्वतः टाकतं. शेकडो फुलांमागे एक कैरी टिकली तरी भरून पावलात. आता मात्र पाण्याला सुरुवात करा. पहिल्यांदा हलकं, मग पंधरा दिवसांच्या अंतराने भरपूर, बुंध्याशी न घालता फांद्यांच्या घेराखाली. वरून वाळक्या पानांचं आच्छादन.

वळचण
२२ फेब्रुवारी, रात्री ८:४०

हे मोठ्याने वाचून दाखवलं. आतून आवाज आला, "मग नळी परत लावू का?"

कातळफूल
२२ फेब्रुवारी, रात्री ८:४२

नको!!!